दिवाळीच्या भेटीत रहस्यकथा: बडोद्यात कोणाला, कोणती आणि कधी द्यावी

बडोद्यातल्या मराठी घरांत दिवाळीला पुस्तक भेट देणारे पुष्कळ आहेत. ते पुस्तक वाचलं गेलं का, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. बरीचशी पुस्तकं कागदातून निघतात आणि शोकेसमध्ये जाऊन बसतात. मी बरीच वर्षं नातेवाइकांना, भाचरांना आणि शेजारच्या गुजराती घरांतही दिवाळीला रहस्यकथा देते. त्याही एका ठरावीक प्रकारच्या, ज्यांना इंग्रजी वाचणारे कोझी मिस्टरी म्हणतात. ही पुस्तकं वाचली जातात. एकाच्या हातातून दुसरा ओढून घेतो आणि भाऊबीजेपर्यंत घरात "कोणी केलं ते सांगू नकोस हं!" सुरू होतं.

ज्यांनी असं पुस्तक आजवर कधी घेतलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे. दुकानात उभं राहिलं की गोंधळ उडतो, कारण 'रहस्य' असं लिहिलेल्या एकाच फळीवर आजीला देण्याजोगं पुस्तक असतं आणि रात्रभर दिवा चालू ठेवायला लावणारंही असतं.

सुरुवात करण्यापूर्वी एवढं जवळ ठेवा:

- ज्यांना द्यायचं त्यांच्या नावांची यादी. प्रत्येक नावापुढे तीन नोंदी: कोणत्या भाषेत सहज वाचतात, वय काय, आणि त्या घरात यंदा कोणी गेलं आहे का.
- ग्रंथालयाचं सभासदत्व. नसेल तर पत्ता असलेलं ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे फोटो घेऊन जा.
- मागवायच्या प्रत्येक पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे मागच्या कव्हरवर बारकोडपाशी छापलेला १३ आकडी क्रमांक.

१. आधी प्रकार ओळखा

कोझी मिस्टरीत गुन्हा असतो, बहुधा खूनच असतो, पण तो आपल्या डोळ्यांदेखत होत नाही. पहिल्या काही प्रकरणांत कोणीतरी मेलेलं सापडतं आणि पुढे सगळी ओढ 'कोणी' आणि 'का' यांचीच. शोध घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा पोलिसातली नसते. शेजारची आजी असेल, बेकरी चालवणारी बाई असेल, निवृत्त मास्तर असतील. गाव लहान, माणसं एकमेकांना ओळखणारी. रक्ताची थारोळी, शिवीगाळ, शय्यागृहातली वर्णनं यांना इथे जागा नाही. शेवटी गुन्हेगार सापडतो आणि गावाची घडी पुन्हा बसते.

याची पाळंमुळं दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लंडमध्ये आहेत. इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहणारी, हातात विणकाम आणि सगळ्यांवर बारीक नजर ठेवणारी म्हातारी. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं देण्याचं काम केलं होतं, त्यामुळे विषांची त्यांना पक्की माहिती होती. त्यांच्या गोष्टींत इतकी माणसं चहा-कॉफीतून जातात आणि पानावर रक्त फारसं सांडत नाही, ते त्यामुळे.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू असलेल्या लेखकानं रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. भुताखेतांचा आधार नको, गुप्त वाट एकीपेक्षा जास्त नको, आणि शोध घेणाऱ्याला जो धागा सापडेल तो वाचकालाही दिसला पाहिजे. धागा वाचकालाही दाखवण्याचा हा नियम भेट देणाऱ्यासाठी फार मोलाचा आहे. वाचकाला स्वतः उत्तर काढता येतं, म्हणूनच आजोबा आणि नातू एकाच पुस्तकावरून भांडू शकतात.

आता सापळा. मराठीत ही फळी सरमिसळ असते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड म्हणजे धावती साहसं. नारायण धारप म्हणजे भयकथा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचल्यावर अंधाऱ्या जिन्यावरून उतरावंसं वाटत नाही. तिघंही आपापल्या जागी मोठे, आणि ज्याला ती आवड आहे त्याला जरूर द्या. पण "हलकंफुलकं, सगळ्यांना चालेल असं" हवं असेल तर ही पुस्तकं त्यासाठी नाहीत. 'धनंजय' आणि 'नवल' हे दिवाळी अंक रहस्यप्रेमींचे लाडके आहेत, त्यांतही भय आणि गूढ भरपूर असतं. मुलांच्या हाती देण्याआधी अनुक्रमणिका बघा.

दुसरा सापळा ख्रिस्तीच्या नावाचाच. नाव त्यांचं आहे म्हणजे पुस्तक सौम्यच असणार, असं धरून चालू नका. १९३९ साली आलेली बेटावर अडकलेल्या दहा माणसांची कादंबरी, 'अँड देन देअर वेअर नन', जगभर खपली, पण ती आतून काळीकुट्ट आहे. पहिल्याच भेटीत ती देऊ नका.

२. वाचणारा कोणत्या भाषेत आरामात वाचतो ते विचारा

बडोद्यात सगळ्यात जास्त पुस्तकं वाया जातात ती या पायरीवर. पुण्यात मराठी घरी मराठी पुस्तक दिलं की काम झालं. इथे तसं नाही. घरात मराठी बोलणारा आपला नातू इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात शिकतो. देवनागरी त्याला शाळेतल्या हिंदीमुळे येते, त्यामुळे मराठी पान तो वाचू शकतो, पण अडखळत. रहस्यकथेत अडखळणं चालत नाही. धागा वाक्याच्या मध्येच कुठेतरी दडलेला असतो आणि तो निसटला की पुढचं सगळं निसटतं.

त्या मुलाकडून एक पान मोठ्यानं वाचून घ्या. परीक्षा घेतल्यासारखं नको. "चष्मा सापडत नाहीये रे, जरा वाचून दाखव" एवढं पुरे. सरळ वाचत गेला तर मराठी द्या. प्रत्येक ओळीत थांबला तर यंदा इंग्रजी द्या आणि मराठी पुस्तक त्याच्यासाठी कोणीतरी वाचून दाखवेल अशी सोय करा. ते कसं, हे शेवटच्या पायरीत आहे.

मोठ्यांचीही चौकशी करा. इथेच जन्मलेल्या, गुजराती शाळेत शिकलेल्या कित्येक काका-आत्यांचा हात गुजराती वर्तमानपत्रावर जास्त बसलेला असतो. उलट नागपूरहून किंवा साताऱ्याहून लग्न होऊन आलेली सून मराठी पुस्तकासाठी आसुसलेली असते आणि तिला कोणी ते देत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात आनंदानं पुस्तक घेतात त्या याच. त्यांचं नाव यादीत वर ठेवा.

साठीपुढच्यांसाठी अक्षराचा आकार बघा. इंग्रजी खिशातल्या आवृत्त्यांची छपाई बारीक असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात. मग भेट म्हणून त्याची वर्गणी भरा आणि पहिलं पुस्तक स्वतः लावून द्या. नुसतं "त्यात सगळं आहे" सांगून निघून आलात तर ते अ‍ॅप परत उघडलं जाणार नाही.

३. पहिलं पुस्तक कोणाला कोणतं

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकलवरून फिरतो आणि भानगडीत सापडतो. मराठी वाचायची सवय लावायला याहून चांगलं पुस्तक मला अजून मिळालेलं नाही.

त्यापुढच्या वयाला, आणि खरं तर कुठल्याही वयाला, सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. पहिली कथा १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या बंगाली मासिकात आली. लहान वाचक डोळ्यांसमोर ठेवूनच राय लिहीत होते, त्यामुळे घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचताना कुठेही जीभ अडत नाही. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद रोहन प्रकाशनानं काढले आहेत. एका कथेत मूर्तिचोरांच्या मागावर फेलूदा थेट वेरूळच्या लेण्यांत पोचतो. ज्या घरानं वेरूळ पाहिलं आहे त्यांना ती आधी द्या.

इंग्रजी माध्यमातल्या अकरा ते तेरा वयाला रॉबिन स्टीव्हन्स यांची मालिका जमते. १९३० च्या दशकातली इंग्लंडमधली निवासी शाळा, आणि गुप्तहेर मंडळ काढणाऱ्या डेझी आणि हेझल या दोन मुली. हेझल हाँगकाँगहून आलेली आहे. परक्या शाळेत रुळण्याची तिची धडपड वाचताना शहर बदलून आलेली मुलं तिच्याशी लगेच जोडली जातात.

मोठ्यांमध्ये ज्यांनी रहस्यकथा कधीच वाचलेली नाही, त्यांना कादंबरी देऊ नका, कथा द्या. मिस मार्पलच्या तेरा कथांचा १९३२ सालचा संग्रह, 'द थर्टीन प्रॉब्लेम्स', यासाठी उत्तम. संध्याकाळी काही मंडळी जमतात, प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेली एक न उलगडलेली घटना सांगतो, बाकीचे तर्क लढवतात, आणि कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी बरोबर उत्तर देते. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या घराला ही रचना आपलीच वाटते.

भारतात घडणारं हवं असेल तर दोन नावं. हरिणी नगेंद्र यांची २०२२ पासूनची मालिका १९२० च्या दशकातल्या बंगळुरात घडते; कावेरी ही गणिताची आवड असलेली तरुण डॉक्टरीणबाई, म्हणजे डॉक्टरांची बायको, साडी नेसून तपास करते. वसीम खान यांच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत मुंबईचे इन्स्पेक्टर चोप्रा निवृत्तीच्या दिवशी घरी येतात तर त्यांना वारशात हत्तीचं पिल्लू मिळालेलं असतं. वर्णनावरून मुलांचं वाटलं तरी दोन्ही मोठ्यांसाठी आहेत.

अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात घडणारी मालिका मला स्वतःला फार प्रिय आहे. पहिलं पुस्तक १९९८ चं. वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून मा रामोत्स्वे आपली तपाससंस्था उघडते, आणि तिच्याकडे येणारी बरीचशी प्रकरणं लबाड नवऱ्यांची, तोतयांची आणि हरवलेल्या माणसांची असतात. मात्र त्यात मारकुट्या नवऱ्याचा आणि पळवून नेलेल्या मुलाचा असे दोन हळवे धागेही आहेत. ज्यांना ते टोचेल असं तुम्हाला माहीत आहे त्यांना दुसरं काही द्या.

इथेच यादीतली तिसरी नोंद कामाला येते. ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलं आहे, त्यांची ती पहिली दिवाळी असते. तिथे मृत्यूभोवती फिरणारं पुस्तक नको, मग ते कितीही सौम्य असो. प्रवासवर्णन द्या, विनोदी द्या. रहस्यकथा पुढच्या वर्षी.

४. घेण्याआधी हाताळून बघा

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आपल्याला या कामासाठी फार मोठा आधार आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं आणि संस्थानभर फुकट वाचनालयांचं जाळं उभं केलं. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषांची पुस्तकं तिथे आहेत. ज्या लेखकाचं पुस्तक द्यायचं मनात आहे, त्याचं कोणतंही एक तिथून घरी आणून वाचा.

सगळं वाचायला वेळ नसेल तर पहिली वीसेक पानं आणि मधलं कुठलंही एक प्रकरण वाचा. मृतदेहाचं वर्णन किती लांबतं? दोन-चार ओळींत आटोपत असेल तर ठीक. पात्रांची नावं लक्षात राहतात का? इंग्रजी खेड्यातल्या दहा नावांत आपल्याकडचे वाचक हरवतात. अशा वेळी पात्रांची यादी स्वतः चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा.

प्रस्तावना तेवढी वाचून ठेवा. जुन्या गाजलेल्या पुस्तकांच्या प्रस्तावनेत कधीकधी गुन्हेगाराचं नावच फोडलेलं असतं. तसं असेल तर देताना "प्रस्तावना शेवटी वाच" असं बजावून द्या.

५. मागवायचं कधी

नवरात्र संपायच्या आत यादी पक्की करा आणि दसऱ्याला ऑर्डर द्या. मराठी पुस्तकं आपल्याकडे बहुतेक पुण्या-मुंबईहूनच येतात, आणि दिवाळीच्या तोंडावर दिवाळी अंकांची धांदल सुरू झाली की प्रकाशकांकडून पार्सल निघायला उशीर होतो.

बाहेरगावाहून नव्यानं आलेल्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. आपला पाडवा म्हणजे इथलं बेसतुं वरस, गुजराती नववर्षाचा पहिला दिवस. त्या दिवसापासून लाभपंचमीपर्यंत बडोद्यातली पुष्कळ दुकानं बंद असतात. भाऊबीजेची ओवाळणी पाडव्याला घेऊ म्हणाल तर हात हलवत परत याल. धनत्रयोदशीच्या आधी सगळं घरात आलेलं असू द्या.

ऑर्डर देताना नावावर जाऊ नका, आयएसबीएन जुळवा. ख्रिस्तीची बरीच पुस्तकं इंग्लंडात एका नावानं आणि अमेरिकेत दुसऱ्या नावानं निघाली. वर सांगितलेला तेरा कथांचा संग्रहही त्यातलाच. एकाच पुस्तकाचे मराठी अनुवादही वेगवेगळ्या नावांनी असू शकतात. आतल्या पानावर मूळ पुस्तकाचं नाव छापलेलं असतं, ते ताडून बघितलं की तीच गोष्ट दोनदा घेतली जात नाही. मालिकेतलं पुस्तक असेल तर कितवं आहे तेही बघा. तिसऱ्या पुस्तकात नायिकेचं लग्न होऊन गेलेलं असलं की पहिल्यातली हुरहूर संपते.

६. जुनं पुस्तक घेत असाल तर

घ्या, बिनदिक्कत घ्या. फक्त शेवटची दहा पानं मोजून बघा. इतर कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान फाटलं तर चुटपुट लागते, रहस्यकथेचं फाटलं तर पुस्तकच गेलं. समासात पेन्सिलीनं कोणी "हाच तो!" असं लिहून ठेवलं आहे का तेही पाहा आणि खोडून टाका. फुटपाथवर नव्या कोऱ्या दिसणाऱ्या स्वस्त प्रती बहुधा चोरछपाईच्या असतात. त्यांत पानं पुढे-मागे होतात. त्या घेऊ नका, देऊ तर मुळीच नका.

७. देताना

पहिल्या कोऱ्या पानावर नाव, तिथी आणि एक ओळ लिहा. ती ओळ कथेबद्दल नको, वाचणाऱ्याबद्दल असावी. पुस्तकाबरोबर चकलीचा डबा दिलात तर दोन्ही वेगळं बांधा. तेलाचा डाग पानावर कायमचा राहतो. गुजराती शेजाऱ्यांना इंग्रजी पुस्तक चालतं. "घरातल्या कोणाला वाचनाची आवड आहे?" हे मात्र आधी विचारून घ्या.

८. सुट्टीत वाचायचं कसं

सुट्टी आणि रहस्यकथा यांची सांगड जगात बऱ्याच ठिकाणी आहे. नॉर्वेत लोक ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या घरी रहस्यकथा घेऊन जातात. ही प्रथा १९२३ मध्ये वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापलेल्या एका जाहिरातीपासून सुरू झाली; रेल्वे लुटल्याची ती बातमीच आहे असं लोकांना वाटलं होतं. इंग्लंडात ख्रिस्तीचं नवं पुस्तक नाताळला द्यायची रीत पडली. आपल्याकडे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचतोच आहे. तेव्हा सवय नवी लावायची नाही, फक्त ती चार जणांत वाटून घ्यायची आहे.

शाळांना साधारण तीन आठवडे सुट्टी असते. रोज रात्री जेवणं झाली की एकानं एक कथा किंवा दोन प्रकरणं मोठ्यानं वाचावी. मराठी अडखळत वाचणारी मुलंही ऐकताना सगळं समजतात, आणि आठवडाभरानं स्वतः वाचायला मागतात. उलगड्याच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटा. सगळ्यांना चिठ्ठ्या द्या: संशयित कोण आणि कशावरून. "कशावरून" लिहायला लावाच, नुसत्या नावाला गुण नाहीत. चिठ्ठ्या एका डब्यात, उलगडा दुसऱ्या दिवशी. कोणाला राहवत नसेल आणि तो गुपचूप पुढे वाचत असेल तर पुस्तक आजीच्या उशाखाली.

बॉर्डनच्या काळात बडोदा संस्थानात पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरत. तीच पद्धत घरासाठी घ्या. तुळशीचं लग्न झालं की वाचून झालेली सगळी पुस्तकं एका पेटीत भरा आणि पेटी भावंडांच्या घरी फिरवा. महिनाभर एकाकडे, मग पुढच्याकडे. झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा: पुस्तकाचं नाव, कोणी वाचलं, आवडलं का. पुढच्या नवरात्रात यादी करायला बसाल तेव्हा तो कागद काढा. ज्या पुस्तकापुढे जास्त नावं असतील, त्या लेखकाचं पुढचं पुस्तक मागवा.